ड्रंकन मास्टर : १९७८चा की १९९४चा?

निवांत_दुपार

मंडळी, गेल्या शनिवार-रविवारी जॅकी चॅनचे दोन्ही ‘ड्रंकन मास्टर’ ठरवून लागोपाठ पाहिले. शनिवारी १९७८चा, रविवारी १९९४चा. दोन्ही मूळ कँटोनीज आवाजात. पहिला मी सातवीत असताना गणपतीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला होता. एका रात्रीत तीन कॅसेटी लावायच्या असा रिवाज, त्यातली ही तिसरी. पहाटेपर्यंत अर्धी गल्ली झोपलेली आणि आम्ही पाच-सहा पोरं टक्क जागी. दुसरा पाहिला तो पुढे कॉलेजात, इंग्रजी डब केलेला. त्यात किती कापाकापी होती हे मला परवा कळलं.

कुंग फूच्या चाहत्यांना विचारा, बहुतेक जण दुसरा सरस म्हणतील. ‘टाइम’ मासिकाच्या शंभर चित्रपटांच्या यादीतही दुसरा आहे, पहिला नाही. मला हे पटत नाही. का पटत नाही ते इथे मांडतो, तुम्ही खोडून काढा.

दोन्हींचा नायक एकच, वाँग फेइ-हुंग. हा खरा माणूस. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधल्या फोशानचा, वैद्य आणि कुंग फूच्या हुंग गार पद्धतीचा गुरू. हाँगकाँगच्या पडद्यावर तो १९४९पासून होता. क्वान टाक-हिंग या नटाने सत्तरहून जास्त चित्रपटांत तो साकारला, आणि प्रत्येक वेळी धीरगंभीर, नीतीने वागणारा, शिष्यांना उपदेश करणारा. दिग्दर्शक युएन वू-पिंग यांनी १९७८ साली हा पूज्य पुरुष उनाड पोरगा करून दाखवला. शिकवणीत मास्तरांची टिंगल करणारा, पैसे नसताना खानावळीत ताव मारणारा, बापाच्या नावावर उड्या मारणारा. संत म्हणून देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाचं बालपण दाखवताना त्याला खोड्या काढू देणं, याला धाडस लागतं.

मग बाप कंटाळून त्याला भिकारी सो या गुरूच्या ताब्यात देतो. जिवाला कंटाळून पोरगा पळतो. वाटेत भाडोत्री मारेकरी येम तित-सामशी गाठ पडते, तो पोराची पार अब्रू काढतो, आणि मान खाली घालून पोरगा परत गुरूच्या दारात येतो. चित्रपट माझ्यासाठी तिथून सुरू होतो. उलटं टांगून घेतलेलं, खाली पाण्याची बादली, वर रिकामी, हातात चहाचे इवलेसे पेले. पोटाच्या बळावर वाकून पाणी भरायचं, वर ओतायचं. बोटांनी अक्रोड फोडायचे. हे सगळं भराभर उरकलेलं नाही, चांगला वेळ देऊन दाखवलंय. त्यामुळे शेवटच्या लढतीतला एकेक डाव कुठून आला हे आपल्याला माहीत असतं.

आणि ते आठ मद्यपी देव! ताओ परंपरेतले आठ अमर, प्रत्येकाची दारू चढल्यावरची चाल वेगळी. ली तिएग्वाई लंगडा पण उजव्या पायात विलक्षण जोर, हान चोंगली कवेत दारूचा रांजण धरलेला, हान श्यांगत्सी बासरी वाजवता वाजवता मनगटं चालवणारा. सात पुरुष आणि एक बाई, हो शिआनगू. पोराला बाईची चाल शिकायची लाज वाटते, म्हणून तो तेवढा धडा टाळतो. शेवटी येम तित-साम सातही प्रकार मोडून काढतो आणि शिल्लक उरते ती न शिकलेली आठवी. गुरू बाजूला उभा राहून सांगतो, सातांमधून तुझी तू आठवी तयार कर. मग तो आरशात पाहिल्यासारखं करतो, लाजतो, गालावर रंग लावतो, आणि त्या नखऱ्यातून ठोसे निघायला लागतात. जे शिकायची लाज वाटली त्यानेच जीव वाचला. यापेक्षा नेटका शेवट मला कुठल्याही मारामारीच्या चित्रपटात आठवत नाही.

दुसऱ्यात हे काहीच नाही. तिथे फेइ-हुंगला सगळं आधीच येतं. चॅन तेव्हा चाळिशीला टेकलेला आणि पात्र पुन्हा पोरसवदाच. प्रश्न फक्त एवढा, की बापाने घातलेली दारूबंदी तो पाळेल का. लढती डोळे दिपवणाऱ्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शिकणारा माणूस पाहण्यात जो आनंद आहे तो शिकून बसलेला माणूस पाहण्यात नाही.

बोला.

पेठकर

पहिला. माझ्यासाठी प्रश्नच नाही. त्या म्हाताऱ्या सोचं लाल नाक अजून डोळ्यांसमोर आहे.

तालीमबाज

धागा आवडला. मी कोल्हापूरकडचा, दहा वर्षं लाल मातीत काढलीत, म्हणून थोडं अंगाच्या भाषेत बोलतो.

दोन्ही चित्रपटांतला शेवटचा खलनायक बघा. पहिल्यात ह्वांग जांग-ली, कोरियन, लाथांचा बादशहा. दुसऱ्यात केन लो, जो त्या काळी चॅनचा अंगरक्षक होता. तोही लाथांवालाच. हा योगायोग नाही. दारुड्याची चाल म्हणजे तोल गेल्याचं सोंग. कंबर खाली, गुडघे वाकलेले, पडता पडता उठायचं. त्याच्यापुढे उंच, ताठ, एका पायावर उभा राहून लाथा घालणारा माणूस पाहिजे, तर दोघांचा फरक डोळ्यांना कळतो. आमच्यातही उंच पोरगा समोर आला की वस्ताद ओरडायचे, खाली शिर, पट काढ. तीच गोष्ट.

आता शिकण्याबद्दल. निवांतभाऊ, पहिल्यातली मेहनत तुम्ही म्हणता तशी खरीच सुंदर आहे, पण दुसऱ्यात शिक्षण नाही हे मला मान्य नाही. दुसऱ्यातला फेइ-हुंग भर रस्त्यात पितो, चढल्यावर दहा जणांना लोळवतो, तिथवर लोक टाळ्या वाजवतात. पण थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही. बाप येऊन सगळ्यांसमोर अपमान करतो. पुढे तो दुःखात पितो, नुसती नशा उरते, डाव उरत नाही. तेव्हा शत्रू त्याला बेदम मारून उघडा करून चौकात टांगतात. पाण्यावर नाव तरते आणि पाण्यातच बुडते, अशा अर्थाचं बाप एकदा सांगतो, ते हेच. पहिल्यात डाव शिकवलाय, दुसऱ्यात डावाची मर्यादा. आमच्या वस्तादांनी दुसरा धडा शिकवायला जास्त वर्षं घेतली होती.

मधुमालती

मला दुसरा आवडतो आणि कारण एकच, अनिता मुई.

निवांत_दुपार, तुम्ही पहिल्यातल्या बाईच्या चालीचं एवढं छान वर्णन केलंत, पण त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला फेइ-हुंग बाजारात एका मुलीला फसवून तिच्याशी लगट करतो, मित्रांना बढाई मारायला. नंतर कळतं ती आतेबहीण. तिची आई, म्हणजे याची आत्या, त्याला भर रस्त्यात धुते, ते चांगलंच. पण तो प्रसंग मला आज बघवत नाही. आणि त्या दोघी पुढे जवळजवळ नाहीशा होतात.

दुसऱ्यात अनिता मुई सावत्र आई आहे. चॅनहून नऊ वर्षांनी लहान! बापाच्या भूमिकेतले टी लुंग चॅनपेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठे. कागदावर हे घर हास्यास्पद वाटतं आणि पडद्यावर दोन मिनिटांत खरं वाटायला लागतं. नवरा घरी येतोय म्हटल्यावर माहजोंगचा डाव लपवण्याची ती धांदल, पोराला मार बसू नये म्हणून गरोदर असल्याचं सोंग, नवऱ्यासमोर गोगलगाय आणि पाठ वळली की वाघीण. रस्त्यावरच्या मारामारीत तीच त्याला दारूच्या बाटल्या पुरवते, घरच्या बंदीला न जुमानता. ती गायिका म्हणून हाँगकाँगभर गाजलेली होती, पण विनोदाची वेळ साधणं तिच्या अंगातच होतं. २००३च्या डिसेंबरात कर्करोगाने गेली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. हा चित्रपट लावला की माझं लक्ष तिच्यावरून हलत नाही.

पहिल्यात विनोद एका पोराचा आहे. दुसऱ्यात तो घराचा आहे. जिनसेंग या औषधी मुळाऐवजी बापाच्या लाडक्या झाडाचं मूळ कापून गिऱ्हाइकाला देणं, मग ते झाकण्यासाठी एकावर एक खोटं, हे सगळं एखाद्या चांगल्या फार्ससारखं बांधलंय.

निवांत_दुपार

मधुमालती, तो प्रसंग मलाही परवा खटकला. लहानपणी आम्ही हसलो होतो. तुमचं बरोबर आहे, आणि माझ्या लेखात मी तो गाळला हेही चूक.

तालीमबाज, मर्यादेचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. पण तो चित्रपट स्वतः ती मर्यादा पाळतो का? शेवटी पोलादाच्या कारखान्यात जिंकायला पुन्हा दारूच लागते, तीही कारखान्यातली. मग बापाचं म्हणणं गेलं कुठे?

कात्री_आणि_गोंद

मी संकलनाचं काम करतो, म्हणून ही चर्चा सोडवेना. इथे एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. हे दोन चित्रपट म्हणजे दोन घराणी आहेत.

पहिला चित्रपट पेकिंग ऑपेराच्या घराण्याचा. युएन वू-पिंग यांचे वडील युएन सिऊ-तिएन हे जुन्या ऑपेराचे कलाकार, आणि तेच पडद्यावर भिकारी सो. मुलगा दिग्दर्शक, बाप गुरूच्या वेशात. चॅन स्वतः वयाच्या सातव्या वर्षापासून दहा वर्षं यू जिम-युएन यांच्या ऑपेरा शाळेत वाढलेला. त्या सगळ्यांना कोलांटी, सोंग, चेहऱ्यावरचा आविर्भाव आणि ढोलाच्या ठेक्यावर थांबणं रक्तातून आलेलं. पहिल्यातली कुठलीही लढत बघा. तीन-चार हालचाली, मग क्षणभर स्थिर मुद्रा, मग पुन्हा. हा रंगमंचाचा ठेका आहे. कॅमेरा लांब, माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत. संकलकाला फारसं लपवायचं काही नाही.

दुसऱ्याचे दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग. त्यांचे वडील लाऊ चाम हे लाम साय-विंगचे शिष्य, आणि लाम साय-विंग खुद्द वाँग फेइ-हुंगचा शिष्य. म्हणजे ज्या माणसावर चित्रपट, त्याच्या विद्येची थेट परंपरा दिग्दर्शकाच्या हातात होती. १९७८ सालीच, पहिला ‘ड्रंकन मास्टर’ आला त्याच वर्षी, त्यांनी ‘थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ केला होता. तोही संपूर्ण चित्रपट शिकण्याविषयीच. तेव्हा शिकण्याची किंमत त्यांना कळत नव्हती असं नाही.

त्यांचं आणि चॅनचं लढतींच्या शैलीवरून बिनसलं. लाऊ काम अर्धवट सोडून गेले आणि शेवटची लढत चॅनने स्वतः दिग्दर्शित केली. हे ठाऊक असेल तर चित्रपटातला सांधा स्पष्ट दिसतो. आगगाडीखालची भाला-तलवारीची लढत आणि चहाच्या माडीवरची कुऱ्हाड टोळीची लढत यांत हत्यार नीट धरलेलं आहे, पवित्रा बसलेला आहे, जोर जमिनीतून येतोय. बांबू चिरत जातो आणि तोच चिरलेला बांबू चॅन झाडूसारखा फिरवतो, ते दृश्य थांबवून थांबवून बघा. शेजारी बाकड्याच्या आडोशाने लढणारे वयस्क गृहस्थ आहेत ना, मांचू अधिकारी फू वेन-ची, ते स्वतः लाऊ कार-लेउंग. साठीच्या आसपासचे. आणि कारखान्यातली लढत म्हणजे वेगळंच जग. तिथे वेग, आग, उंचावरून पडणं, कॅमेऱ्याची गती वाढवलेली. ते चॅनचं घराणं.

त्या माडीवरच्या लढतीनंतर फू वेन-ची मरतो. चोरीला गेलेली शाही मुद्रा परत आणायचं काम तो पोरावर सोपवून जातो. पडद्यावरचा वडीलधारा अर्ध्या वाटेवर जातो आणि पडद्यामागचाही. शेवटची मजल धाकट्याने एकट्याने मारलेली. मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला इथे गलबलून येतं.

घाटमाथा

कात्री_आणि_गोंद, जबरदस्त माहिती. एक पुरवणी. दुसऱ्याला १९९५च्या हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्तम लढतदिग्दर्शनाचा पुरस्कार होता.

कथेचा काळही ध्यानात घ्या. ब्रिटिश वकिलातीतून चीनच्या पुराणवस्तू पळवल्या जातायत, पोलाद कारखान्यात मजुरांना राबवलं जातंय, आणि हा चित्रपट हाँगकाँगमध्ये लागतो १९९४च्या फेब्रुवारीत. ब्रिटिश जायला तीन वर्षं उरलेली. पहिल्यातला खलनायक बापाच्या जमिनीसाठी पाठवलेला भाडोत्री मारेकरी होता. दुसऱ्यात शत्रू परका आहे. त्यामुळे पहिला हलका राहतो आणि दुसऱ्याला वजन येतं. वजन सगळीकडे पेललंय असं मी म्हणणार नाही, वकिलातीतले गोरे अगदीच पुठ्ठ्याचे आहेत.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. निवांत_दुपार यांनी विचारलेला प्रश्न, बापाचं म्हणणं गेलं कुठे, त्याचं उत्तर मूळ शेवटात आहे. डब प्रत पाहिलेल्यांना तो दिसलेलाच नाही.

२००० साली अमेरिकेत ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावाने जी प्रत आली तिच्यात लढत संपली की चित्रपट संपतो. मूळ प्रतीत पुढे एक छोटा प्रसंग आहे. फेइ-हुंगचा सत्कार व्हायचा असतो आणि तो लोकांसमोर येतो तो आंधळा आणि बुद्धी गेलेला. कारखान्यातलं अल्कोहोल प्यायल्यामुळे. प्रसंग विनोदी करून दाखवलाय, म्हणून तो अमेरिकी प्रतीतून काढला.

आता त्या आधीचं दृश्य आठवा. तोंडातून बुडबुडे, चेहरा लालबुंद, अंगात दहा माणसांचं बळ, आपण टाळ्या वाजवतोय. कारखान्यात वापरायच्या अल्कोहोलमध्ये मिथेनॉल असतं. सुरुवातीला ते साध्या दारूसारखंच चढतं. मग काही तासांनी यकृत त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं आणि ते पहिला घाव डोळ्याच्या मज्जातंतूवर घालतं. रुग्ण येतो तेव्हा म्हणतो, समोर सगळं पांढरं पांढरं दिसतंय. २०१५ साली मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. जे वाचतात त्यांतले काही कायमचे आंधळे होतात.

म्हणून तो शेवट मी हसत पाहू शकत नाही. पण तो कापणंही मला चूक वाटतं. तो काढला की चित्रपट सांगतो, विष प्या आणि जिंका. तो ठेवला की बापाचा शब्द खरा होतो.

मधुमालती

नाडीपरीक्षा, हे वाचून अंगावर काटा आला. पण मला तरीही वाटतं की तो शेवट कापला ते बरं झालं. कारण तो दुःख म्हणून दाखवलेलाच नाही. बुद्धी गेलेल्या माणसाची थट्टा म्हणून दाखवलाय. बरोबर परिणाम दाखवला म्हणून दाखवण्याची रीत बरोबर ठरत नाही.

तालीमबाज

मी नाडीपरीक्षांच्या बाजूने. रीत वाईट आहे, कबूल. पण माणूस जिंकला आणि काय गमावून जिंकला हे सांगायची तयारी त्या चित्रपटात होती. तो निखाऱ्यांवरून पाठीवर सरपटत जातो ते खरे निखारे होते. शेवटच्या काही मिनिटांसाठी ते लोक कित्येक महिने त्या कारखान्यात घासत होते. एवढं सोसून मिळवलेल्या विजयाची किंमत दाखवायची नाही, तर त्या भाजण्याला अर्थ काय?

निवांत_दुपार

काल रात्री मूळ शेवट पुन्हा लावला. परवा मी तो पाहिला होता, पण लढतीनंतर जांभई देत, उठता उठता.

डॉक्टरसाहेबांचं वाचल्यावर वेगळाच दिसला. पहिल्या चित्रपटात दारू म्हणजे सोंग आहे. भिकारी सो पितो खरा, पण पोराला तो शिकवतो ती दारू चढल्याची नक्कल. तोल गेल्याचं दाखवायचं आणि आतून तोल राखायचा. दुसऱ्यात ते सोंग गळून पडतं. तिथे दारू खरंच अंगात जाते, खरंच बळ देते आणि खरंच घेऊन जाते. मी म्हणत होतो दुसऱ्यात शिकणं नाही. शिकणं नाहीच, पण जे शिकलंय ते वापरल्याचा हिशेब आहे. मला पहिलाच जास्त प्रिय राहील, हो शिआनगूमुळे. पण दुसऱ्याला मी ‘नुसत्या लढती’ म्हणालो ते मागे घेतो.

मधुमालती, रीतीबद्दल तुमच्याशी सहमत. तो प्रसंग कोणी गंभीरपणे चित्रित केला असता तर हा चित्रपट कुठच्या कुठे गेला असता.

पेठकर

धाकट्या भाच्याला दाखवायचाय, वय दहा. कुठला आधी?

निवांत_दुपार

पहिला. सुरुवातीचा आतेबहिणीचा प्रसंग पुढे ढकला. आणि तो घरात उलटा लटकायला लागला तर खाली गादी टाका.

कात्री_आणि_गोंद

भाच्याला एवढं सांगा की त्या म्हाताऱ्याच्या हातांकडे बघ. युएन सिऊ-तिएन तेव्हा पासष्टीच्या पुढचे होते. चित्रपट हाँगकाँगला लागला ऑक्टोबर १९७८मध्ये, आणि १९७९च्या जानेवारीत ते गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रपटांत छोटी कामं केली, आणि जगाने त्यांना ओळखलं ते मुलाने केलेल्या या शेवटच्या-शेवटच्या भूमिकांमुळे. पेला तोंडाला लावताना त्यांची मनगटं वळतात ना, ती हान श्यांगत्सीची बासरी आहे. पोराला तो धडा पुढे अर्ध्या तासाने मिळतो, म्हाताऱ्याच्या हातात तो आधीपासून चालू असतो.